चार कोपरे

लाँड्री बंद असली की घराला चैन पडत नसे. तळमजल्यावरच्या यंत्रांची घरघर भिंतींत अशी मुरली होती, की ती थांबली की वरच्या खोल्यांत निजलेलं माणूस दचकून उठून बसायचं. त्या घरघरीत तीन पोरं वाढली, तिच्यावर आवाज चढवून बोलायला शिकली. म्हणून आजही या घरात कुणी नुसतं ‘मीठ दे’ म्हटलं तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, यांची पुन्हा जुंपली.

त्या रविवारी मात्र खरंच जुंपली होती, आणि आवाज कुणाचाच चढत नव्हता. थोरल्याला त्याचीच धास्ती वाटत होती.

“वृद्धाश्रमातली खोली आज संध्याकाळपर्यंतच राखून ठेवलीय त्यांनी,” ताई म्हणाली. सकाळच्या गाडीने आलेली ती. पर्स अजून मांडीवरच होती, माहेरी नाही, स्टेशनवर बसल्यासारखी. “खिडकी बागेकडे उघडते. नर्स दिवसरात्र हजर. मी स्वतः जाऊन बघून आलेय, दादा. आईला तिथे काही कमी पडणार नाही.”

“आईला विचारलंस?” धाकटा म्हणाला.

“तू विचार. तुझं ऐकते ती.”

धाकट्याने मान फिरवली. कारण आई थांबली असती तर विचारायचं. ती चालत होती. मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्यांमधून, साबणाच्या पिंपांना वळसा घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दोन्ही हात पोटाशी धरलेले, आणि दोन्ही हातांचे अंगठे तर्जनीवर घासत राहिलेले, जणू कुठल्याशा कापडाची कड तिला सापडत नव्हती. गेल्या हिवाळ्यात पोरांचे वडील, अण्णा, गेले. तेव्हापासून सकाळी ती बरी असे, खायची, दोन शब्द बोलायची. उन्हं कलली की पायांना भिंगरी लागायची ती अंधार पडेपर्यंत.

“आमच्या सासूबाईंची शिफ्ट सुरू झाली,” थोरली म्हणाली. थोरल्याच्या बायकोला अवघड वेळी जिभेला धार काढायची खोड होती. “हजेरी लावून घ्या, नाहीतर ओव्हरटाइम मागतील.”

कुणी हसलं नाही. तीही नाही.

खरी गोष्ट गुरुवारची होती. त्या दुपारी थोरला बॉयलरच्या माणसाला गाठायला बाहेर गेला होता, धाकटा व्हॅन घेऊन दवाखान्यांच्या फेरीवर होता, आणि धाकट्याची बायको पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांत अडकली होती. मागे आईने आपल्या हाताने मोठा रूळ चालू केला. माणसाच्या कमरेइतका जाड, पोटात वाफ खेळवणारा लोखंडी रूळ तो. एका अंगाने ओली चादर भरवावी, दुसऱ्या अंगाने ती कोरडी, कडक होऊन निघावी. आईने चादर भरवली आणि उभी राहिली. पलीकडून ओढून घ्यायला कुणी नव्हतं. चादर रुळाला लपेटली, करपली, धूर काउंटरपर्यंत आला. धाकटी धावत गेली तेव्हा आई त्या धुरात हात पुढे करून उभी होती, नजर रुळाच्या पलीकडे. मनगटाला एवढासा चटका बसला होता. तिला तो कळलाही नव्हता.

“पुढच्या वेळी चटका एवढासा नसेल,” थोरला आता म्हणाला. हे वाक्य त्याने गुरुवारपासून मनात इतक्यांदा घोळवलं होतं की ते तोंडातून निघालं तेव्हा शिळं वाटलं. “मी दिवसभर यंत्रापाशी राहू की आईपाशी? दोन्हीकडे डोळे ठेवायला मला कपाळाला चार डोळे नाहीत.”

“दादा,” धाकटी म्हणाली. ती ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभी होती. या घरात येऊन तिला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, आणि घरच्या बैठकीत ती सहसा चहाच्या कपांपुरतीच बोले. “गुरुवारी काउंटरवर गर्दी होती, म्हणून मला ते लावून देता आलं नाही. एरवी मी दुपारी लावते, आणि त्या बसतात.”

“काय लावतेस?” ताईने विचारलं.

“गाणं. कधी नाच. लाइव्ह असतो. लांबच्या एका शहरात नाट्यगृह आहे, तिथून रोज दाखवतात. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, आपल्याकडे दुपार. एकदा मी माझ्यासाठीच फोनवर लावलं होतं, कपडे मोजता मोजता. आई येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. संपेपर्यंत हलल्या नाहीत.”

“म्हणजे आता मोबाइल हे औषध?”

“औषध नाही हो ताई. पण बसतात.”

ताईने भावाकडे बघितलं. त्या बघण्यात लहानपणापासूनचा एक करार होता: मोठे आपण दोघं. अण्णांच्या आजारपणातही निर्णय त्या दोघांनीच घेतले होते, आणि धाकट्याला ते नंतर कळवले होते. धाकटा ते विसरला नव्हता. म्हणूनच आज त्याने काहीतरी करायचं ठरवून ठेवलं होतं.

“दाखवूनच देतो,” तो म्हणाला आणि जिन्याखालून एक खोकं घेऊन आला. शाळेचा प्रोजेक्टर. शाळेचे पडदे याच लाँड्रीत धुतले जात, त्या ओळखीवर मागून आणलेला. त्याने वाळवणाच्या दोरीवर एक डबल बेडची चादर ताणून लावली, चिमटे मारले. “फोनवर काय दिसतं? माणसाएवढं बघा.”

“कधी आहे कार्यक्रम?” थोरल्याने विचारलं.

“अजून अर्ध्या तासाने सुरू होईल.”

“ताईला गाडी गाठायचीय. कालचा असेल ना तिथे? कालचाच लाव.”

धाकटी चुळबुळली. “कालचा लावून उपयोग नाही, दादा. मी करून बघितलंय. का ते मला सांगता येणार नाही, पण नाही चालत.”

“गाणं ते गाणं. काल गायलेलं आज विटतं का?” थोरला म्हणाला, आणि प्रोजेक्टरचा रिमोट त्यानेच घेतला.

चादरीवर एक मोठा रंगमंच उमटला. रिकामा. काही खुर्च्या, उभे केलेले स्टँड, अंधारात हलणारी डोकी. थोरला थोडा वेळ वाट बघून बघून वैतागला. त्याच्या अंगातच होतं ते: यंत्र सुरू आहे आणि आत माल नाही, हे त्याला बघवत नसे. बाकीच्या लाँड्रीवाल्यांपेक्षा तो पुढे गेला तो याच गुणावर. त्याने बटण दाबलं. रिकामा रंगमंच भराभर पळाला, माणसं मुंग्यांसारखी येऊन बसली, वाद्यं लावून झाली, आणि थोरल्याने थेट गाण्यावर आणून बोट उचललं.

पंधरा-वीस गळ्यांचा आवाज एकदम हॉलभर फुटला.

आई जागच्या जागी थबकली. क्षणभर सगळ्यांनाच वाटलं, जमलं. पण तिचा चेहरा आक्रसत गेला. झपाझप येऊन ती चादरीपुढे उभी राहिली, मग चादरीमागे जाऊन बघून आली.

“कधी आले हे?” ती म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही. कधी आले?”

“आई, गाणं आहे ते, बस ना,” ताई उठली.

“तापलं का? न तापताच घातलं? कुणी घातलं?” तिचा आवाज चिरकला. “हात लावून बघितलं का कुणी, तापलं का ते?”

काय तापायचं होतं ते कुणाला कळेना. आईने चादरीची कड धरली आणि ओढली. चिमटे टपाटप उडाले, चादर तिच्या अंगावर कोसळली, आणि ती गाणारी माणसं तिच्या पाठीवर, डोक्यावर, चुण्यांचुण्यांत चुरगळून तोंडं उघडत-मिटत राहिली. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं. लहान मुलासारखं, श्वास अडकत अडकत.

धाकट्याने प्रोजेक्टर बंद केला. ताईने आईला चादरीतून सोडवलं, तोंड पुसलं, आणि मग स्वतःचं पुसलं.

“बघितलंत?” ती म्हणाली. पण तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

धाकटा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. “मला वाटलं होतं...” एवढंच बोलला. मग मान खाली घालून, “कर फोन, दादा,” असंही तोच म्हणाला. ते ऐकून धाकटीने नवऱ्याकडे असं बघितलं की थोरल्यालाच नजर वळवावी लागली.

त्याने फोन लावला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, मॅडम राउंडला गेल्यात, आल्या की त्याच फोन करतील, खोली तुमच्यासाठीच ठेवलीय, काळजी करू नका. थोरल्याने फोन शर्टाच्या खिशात टाकला. तो खिसा त्याला जड लागला.

आई पुन्हा चालू लागली होती.

धाकटीने खाली पडलेली चादर उचलली, झटकली आणि पुन्हा दोरीवर टाकली. एकटीला ती ताणता येईना. थोरली थोडा वेळ बघत राहिली, मग पदर खोचून उठली.

“आण इकडे ते टोक. कसली लावतेस, नाचणारे तिरके दिसतील.”

“वहिनी, तुम्ही कशाला...”

“चिमटे दे. फोन यायचाय तोवर रिकामं बसून काय करू, हजेरी तर सासूबाईंनी लावलीच आहे.”

जावा-जावांनी चादर पुन्हा ताणली. धाकटीने आजचा, लाइव्ह कार्यक्रम लावला. चादरीवर पुन्हा तो रंगमंच आला, आणि या वेळी रिमोट थोरल्याच्या हातात नव्हता.

रिकामाच होता तो. एक माणूस लांब दांड्याचा पोछा घेऊन आला आणि फळ्या पुसत पुसत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. पुसलेल्या भागावर दिवा चमकला. कुणी एक स्टूल आणून ठेवलं, थोडं सरकवलं, परत पूर्वीच्या जागी ठेवलं. प्रेक्षकांच्या अंधारात कुणी शिंकलं. एक बाई मोठं तंतुवाद्य घेऊन आली, स्टुलावर बसली, तारेला गज लावून कान देऊन ऐकलं, खुंटी पिळली, पुन्हा ऐकलं.

थोरल्याला राहवेना. हात आपोआप पुढे जायचा तो त्याने काखेत दाबून धरला.

मग त्याच्या लक्षात आलं की मागे आईची पावलं ऐकू येत नाहीयेत.

ती एका ट्रॉलीपाशी उभी होती. अंगठे अजून बोटांवर घासत होते, पण हळू. तार लागत नव्हती, बाई पुन्हा पिळत होती, आणि आई मान किंचित वाकडी करून ती तार लागण्याची वाट बघत होती. घाई नव्हती तिच्या चेहऱ्यावर. मागच्या मागे चाचपून तिने एक पालथी टोपली शोधली आणि तिच्यावर बसली.

“तापतोय,” ती म्हणाली. कुणाला तरी उत्तर दिल्यासारखी.

थोरल्याने वळून जिन्याकडे बघितलं.

जिन्याच्या याच पायऱ्या होत्या. शाळेत जायच्या आधी तो या पायऱ्यांवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. खाली हॉलमध्ये अजून दिवे मिणमिणते, आणि मोठ्या रुळाच्या या बाजूला आई, त्या बाजूला अण्णा. रूळ लावलेला असायचा, पण गार. तो तापेपर्यंत करायचं काही नसायचं, आणि दिवसभरात तेवढाच वेळ ते दोघं काही करत नसत. नुसते उभे. मधूनच अण्णा विचारायचे, “तापला का?” आई तळहात रुळाच्या जवळ नेऊन म्हणायची, “तापतोय.” पुन्हा गप्प. आयुष्यभर आरडाओरडा करून बोललेल्या त्या दोन माणसांचं सगळं हळू बोलणं त्या वेळात होऊन जायचं. मग पहिली चादर आत जायची, पलीकडून अण्णा ती घ्यायचे, आणि दिवस सुरू व्हायचा.

गुरुवारी आई रूळ लावून उभी होती ती कामासाठी नव्हती. तापायची वाट बघत होती. पलीकडे माणूस येईल म्हणून.

आणि त्याने मघाशी, रिमोट दाबून, ती वाटच उडवून लावली होती.

तंतुवाद्याची तार लागली. बाईने गज टेकवला आणि एकच सूर काढला. लांब, खोल, पहाटे रिकाम्या हॉलमध्ये वाफेचा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडावा तसा. तो संपेल असं वाटे आणि तो संपत नसे. थोरल्याने उभ्या आयुष्यात गाण्याची बैठक कधी पुरती ऐकली नव्हती. त्याचा कान बेअरिंग झिजलं की आधी ओळखणारा. त्या कानाला आता कळत होतं की हा आवाज कुठेही झिजलेला नाही. एक माणूस या क्षणी, जगाच्या कुठल्याशा दुसऱ्या टोकाला, श्वास धरून तो सांभाळत होता, आणि सुटला तर सुटेल, पुन्हा मागे नेऊन ऐकता येणार नाही. त्याने हळूच बाजूला बघितलं. ताईच्या मांडीवरची पर्स घसरून जमिनीवर पडली होती आणि तिला पत्ता नव्हता.

मग रंगमंचाच्या दोन टोकांनी दोन माणसं आली. एक पुरुष, एक बाई. तरुण नव्हती. दोघांचेही केस पांढऱ्याकडे झुकलेले, अंगात साधे सैल कपडे, पाय उघडे. बराच वेळ ती नुसती लांबून एकमेकांकडे बघत उभी राहिली. थोरल्याला वाटलं, हीही तापतायत.

चालू लागली ती सुराच्या पाठीवर पाय ठेवल्यासारखी. जवळ आली, हात हातांना भेटले, आणि लगेच मागे सरली. पुन्हा जवळ. बाई वाकली, जमिनीवरून काहीतरी उचलावं तशी, आणि उठत उठत मागे गेली. तिचा एक पाय पुसलेल्या फळीवर थोडासा सरकला. अंधारातल्या प्रेक्षकांनी श्वास ओढला. आईचा हात टोपलीवरून चटकन पुढे झाला.

“सावकाश गं,” ती म्हणाली.

आणि ती बाई सावरली. जणू ऐकलं तिने. हॉलमध्ये धाकट्याच्या तोंडून “अरे!” निघालं आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

आई उठली. थोरला तिला धरायला निघाला, पण धाकटीने त्याची बाही धरली. या सुनेने थोरल्या दिराला हात लावायची ही पहिलीच वेळ. आई धुतलेल्या चादरींच्या ढिगापाशी गेली. अण्णा गेल्यावर थोरल्याने घडीचं यंत्र आणलं होतं. चादर रुळातून निघे ती आपली आपणच घडी होऊन थप्पीला लागे, दोन माणसं वाचत. गुरुवारी आईने ते यंत्र लावलंच नव्हतं. सुट्टीमुळे कालचा ढीग तसाच पडला होता. आईने वरची चादर घेतली. काही न बघता तिची कड शोधली. अंगठे थांबले.

दोन कोपरे दोन हातांत धरून ती पडद्यावरच्या त्या दोघांसमोर येऊन उभी राहिली. उरलेली चादर तिच्यापुढे जमिनीवर पसरली होती, आणि पलीकडचे दोन कोपरे कुणाच्याच हातात नव्हते. तिने कुणाला हाक मारली नाही. उभी राहिली.

या घरात सगळे सगळी कामं करत. व्हॅन धाकटाही चालवे, थोरलीही. पण अण्णा असेपर्यंत आईबरोबर चादरीची घडी दुसऱ्या कुणी घातली नव्हती. तसा नियम नव्हता, तशी वेळच आली नव्हती. ते चार कोपरे त्या दोघांचे, हे पोरांना न सांगता माहीत होतं. थोरला जमिनीवरच्या त्या कडेकडे बघत राहिला. गुरुवारचा, नुसता ऐकलेला धूर त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि धुरात पुढे केलेले ते हात.

त्याने चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती पडद्यावरची दोघं उघड्या पायांनी होती म्हणून असेल. तो गेला, वाकला आणि ते दोन कोपरे उचलले.

आईने बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

“ताण,” ती म्हणाली.

त्याने ताणलं. चादर मधोमध उसळली, वारा भरून फुगली, आणि फट् करून सपाट झाली. दोघांनी आपापले कोपरे जुळवले.

“ये.”

तो चालत गेला. त्याच्यामागे ती दोघं नाचत होती आणि तोच सूर अजून चालू होता. तो जवळ गेला तेव्हा तीही जवळ आली असावीत, कारण आईच्या चेहऱ्यावर त्यांचा उजेड पडला. तिने त्याच्या हातातले कोपरे घेतले. तिची बोटं कोरडी, ऊन होती. तो वाकला, खाली लोंबणारी घडी धरली आणि मागे सरला. ताण. ये. पुन्हा तिच्यापाशी. आपण किती वर्षांनी आईच्या इतक्या जवळ आलो, हे त्याच्या मनात आलं आणि तो मागे सरल्याबरोबर मागे राहिलं. एवढा मोठा पांढरा पसारा हातांहातांत लहान होत गेला आणि शेवटी तिच्या छातीशी एक चौकोन उरला.

तिने तो बाजूला ठेवला. दुसरी चादर घेतली. आणि गुणगुणू लागली. अण्णांच्या वेळी यंत्रांच्या आवाजात तिचे ओठ नुसते हललेले दिसत. शब्द पोरांना कधी ऐकू आले नव्हते. आज यंत्रं बंद होती.

“दोन तुझे, दोन माझे,
मधे पांढरे ओझे, वाऱ्याचे गं...
ये रे जवळी, जा रे दूर,
घडीत मावला पूर, कापडाचा...”

ताई जाग्यावरून उठली. पायाखालची पर्स तिने बाजूला सारली, ढिगातली एक चादर ओढली आणि पायरीवर बसलेल्या भावापुढे तिचं टोक धरलं.

“धर.”

“मला येत नाही.”

“मला तरी कुठे येतंय? धर म्हणते ना.”

धाकट्याने धरलं. त्या दोघांची घडी एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड झाली. “हे काय केलंस!” “तू ओढलंस!” अशी कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीत भांडणारी भावंडं या घराने पहिल्यांदाच बघितली.

तेवढ्यात थोरल्याच्या खिशात फोन वाजला.

त्याच्या दोन्ही हातांत कोपरे होते. सोडले असते तर चादर गळाली असती. फोन वाजत राहिला. आईच्या कपाळावर बारीक आठी उमटली. थोरलीने पुढे होऊन नवऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि तोंडाशी हात धरून बोलली.

“हो, त्यांचाच फोन. नाही, ते येऊ शकत नाहीत, हात गुंतलेत त्यांचे. मी बोलतेय ना, मोठी सून.” मग तिने ऐकून घेतलं. तिने नवऱ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई वेडीवाकडी घडी छातीशी धरून उभी होती. तिने डोळे मिटले आणि ‘नाही’ अशी मान हलवली. थोरल्याला काही हलवायची गरज पडली नाही. “ऐका,” थोरली म्हणाली, “तुमची बाग छान आहे म्हणे. पण ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका. आमच्या सासूबाईंना इथे काम आहे.”

फोन बंद करून तिने तो स्वतःच्याच कमरेला खोचला. “बरोबर बोलले ना?” तिने विचारलं, आणि जिभेची एवढी धार असलेल्या त्या बाईचा आवाज मधेच फुटला.

“ताण,” आई म्हणाली. थोरल्याने ताणलं.

नाच संपला तेव्हा ढीग संपत आला होता. सूर कधी थांबला ते नीट कळलं नाही. शांतता त्याच्या आतच होती आणि ती नुसती उरली. ती दोघं एकमेकांसमोर उभी होती, छाती वरखाली होत होती, घाम दिसत होता. मग अंधारातल्या टाळ्या आल्या, समुद्रावरून याव्यात तशा. माणसं वाकली, गेली. बाईने वाद्य उचललं. स्टूल उचललं गेलं.

थोरला घाम पुसत उभा होता. मनात तो उद्याचं लावत होता: रुळाच्या स्विचला कुलूप, किल्ली आपल्या गळ्यात. दुपारी हा कार्यक्रम लागेल तेव्हा घडीचं यंत्र बंद. दवाखान्यांचा माल थोडा उशिरा जाईल, जाऊ दे. धाकट्याला सांगून फेरी उशिराने करायला लावावी. सांगून कसली, विचारून.

“ताई, तुझी गाडी गेली,” तो म्हणाला.

“गेली तर गेली. उद्या जाईन.” ती ढिगातून आणखी एक चादर काढत होती. “ही एक तरी चौकोनी झाल्याशिवाय मी हलत नाही.”

आई पुन्हा टोपलीवर येऊन बसली होती. हात मांडीवर पालथे, स्वस्थ. थोरल्याने प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे केला, कारण चादरीवर आता काही नव्हतं. तो पोछेवाला परत आला होता आणि रिकामा रंगमंच पुसत होता. हात अर्ध्यावर थांबला. थोरल्याने दुसरी टोपली पालथी घातली आणि आईशेजारी बसला.

“डावा हात ढिला आहे तुझा,” आई म्हणाली. नजर समोरच.

“हो.”

“त्यांचाही होता.” मग बऱ्याच वेळाने, “उद्या येतील?”

“येतील.”

“तापायला वेळ लागतो.”

“असू दे, आई,” थोरला म्हणाला. “थांबू आपण.”

पोछेवाल्याने शेवटची फळी पुसली, मागे वळून एकदा सगळ्यावरून नजर फिरवली आणि दिवा मालवला. दोरीवर आता नुसती एक चादर उरली होती. ती कुणी उतरवली नाही.